हिरवा आकडा

१७ फेब्रुवारी, मंगळवार. आभाळ निरभ्र, ऊन कोरडं, वारा पडलेला. खाडी ओहोटीला लागलेली.

“...म्हणजे दोष तपासनीसाचा नाही. असंच ना, सर?”

परकार सर पाठमोरे होते. ते दर्ग्याचं अंगण झाडत होते. आंब्याचा मोहोर गळून फरशीवर पसरला होता, तो ते एका कडेला ओढत होते.

केतकी सबनीस पायरीवर बसली होती. चपला खाली, लॅपटॉप मांडीवर. तीन तास गाडी चालवून ती थेट इथे आली होती आणि आल्या आल्या, पाणीसुद्धा न पिता, तिने सगळं सांगून टाकलं होतं. शेवटी हा प्रश्न.

“सर, मी काही विचारलं.”

“ऐकलं मी.” झाडू चालूच होता. “पाय वर घे जरा.”

तिने पाय वर घेतले. सरांनी पायरीखालचा मोहोर ओढला.

यासीन परकार हे महामंडळाच्या संगणक विभागाचे पहिले प्रमुख. शंभराहून जास्त धरणं असलेलं ते महामंडळ, आणि सगळा कारभार रजिस्टरवर चालायचा, तेव्हापासूनचे. केतकी नोकरीला लागली ती त्यांच्या हाताखाली. तिचं पहिलं काम त्यांनी न वाचताच परत केलं होतं, कारण वर तारीख घातली नव्हती. पुढे निवृत्त झाल्यावर ते या टेकडीवर येऊन राहिले. दर्ग्याची सेवा त्यांच्या घराण्याकडे होती. झाडणं, दिवाबत्ती, आल्यागेल्याला पाणी.

त्यांच्या मागे विभाग केतकीकडे आला. आणि तिने तपासनीस नावाचा प्रोग्राम लिहिला.

प्रत्येक धरणाची संगणकात एक फाईल असते. पाणी कुठवर आलं की दार उघडायचं, किती क्युसेक पाणी सोडलं की खालच्या गावांसाठी भोंगा वाजवायचा, कुणाला फोन जायचा, असे सगळे आकडे त्यात. पूर्वी धरणावरचा माणूस त्यात काहीही भरू शकायचा. शून्य जास्त पडायचं, शून्य कमी पडायचं, रकाना रिकामा राहायचा. तपासनीसाने ते बंद केलं. भरलेला प्रत्येक आकडा तो आपोआप तपासतो. मर्यादेत असेल तर हिरवा, नसेल तर लाल. लाल आकडा आत जातच नाही.

मुख्यालयात भिंतीवर एक मोठा पडदा आहे. त्यावर सगळी धरणं. ज्याचं लाल, त्याला सोमवारच्या बैठकीत उभं राहून कारण सांगावं लागतं. त्यामुळे धरणांवर एक नवाच रिवाज पडला होता. संध्याकाळी घरी निघताना माणसं एकमेकांना विचारायची, “हिरवं केलंस का?”

केतकीला याचा अभिमान होता. दुसऱ्या राज्यांतले लोक तपासनीस बघायला यायचे.

मग गेल्या बुधवारी कातळधोंडच्या धरणाखाली माणसं वाहून गेली.

“किती गेले?” सरांनी विचारलं.

“अहवालात सगळं...”

“अहवाल असू दे.”

“तीन.”

“कोण?”

“सुगंधा निवाते. तिची जाऊ. आणि जावेची मुलगी. कपडे धुवायला उतरल्या होत्या.”

“जावेचं नाव?”

केतकीने तोंड उघडलं. मग लॅपटॉप उघडायला लागली.

“राहू दे,” सर म्हणाले.

झाडू भिंतीला टेकवून ते तिच्यापासून थोडं दूर, खालच्या पायरीवर बसले. गुडघा धरून, सावकाश.

“कातळधोंड मला माहीत आहे,” ते म्हणाले. “दोन कातळांच्या मधून नदी जाते. हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील, एवढीच जागा. दुसरीकडे दीडशे क्युसेकने घोटा भिजत नाही. तिथे डोक्यावरून जातं.”

“हो.”

“किती सोडलं होतं?”

“दीडशे. वीजघराचा बोगदा धुवायला. सकाळी. आभाळात ढगसुद्धा नव्हता, त्यामुळे कुणाच्या मनात...”

“भोंगा?”

“वाजला नाही. तो दोनशेला लावला होता.”

“मग भोंगा बरोबर वागला.”

केतकीने मान वर केली. सर थट्टा करत नव्हते.

“हो, सर. भोंगा बरोबर वागला.”

“आणि तपासनीस?”

“तोही. तेच सांगतेय मी मघापासून. दोनशे हा आकडा भरला तिथल्या चालकाने. शिगवण म्हणून आहेत. दत्ताराम शिगवण. तिथे दोनशे चुकीचा होता.”

“चुकीचा होता तर तपासनीसाने लाल का नाही केला?”

“मर्यादेत होता ना. चुकीचा होता, पण वैध होता.”

“वैध.” सरांनी तो शब्द तोंडात घोळवला. “आणि बरोबर आकडा किती?”

“चाळीस.”

“तो भरला असता तर?”

केतकी खाडीकडे बघू लागली.

“केतकी, तो भरला असता तर?”

“लाल झाला असता. भोंग्याची किमान मर्यादा दोनशे आहे.”

“झाला असता?”

“झाला,” ती म्हणाली. “आधी त्यांनी चाळीसच भरला होता.”

खाली खाडीत कुणीतरी मचवा चिखलातून ओढत होतं. दोन माणसं एकमेकांना शिव्या घालत होती. त्या वरपर्यंत स्वच्छ ऐकू येत होत्या.

“सर, पण मर्यादा मी उगाच नाही घातली.” केतकीचा आवाज आता बैठकीतला झाला. “तुम्ही गेल्यानंतरची गोष्ट. एका मोठ्या धरणावर दोन हजारच्या जागी वीस पडले. भोंगा सकाळपासून थांबेचना. अख्खा बाजार पळाला. एक म्हातारे गृहस्थ जिन्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर तिथे भोंगा वाजला की लोक हसायचे. खरं पाणी आलं तेव्हाही हसत होते. म्हणून दोनशे. प्रत्येक धरणाचा अभ्यास करून काढलेला आकडा आहे तो.”

“कातळधोंडचा?”

“...सगळ्यांचा मिळून.”

“अच्छा.”

“आणि तुम्हीच शिकवलंत मला. माणूस दमतो, पहाऱ्यावर यंत्र बसवावं.”

“शिकवलं,” सर म्हणाले. “माझंच वाक्य आहे.”

त्यांनी एवढ्या सहज कबूल केलं की केतकीचा जोर गेला. भांडायला भिंत असावी आणि ऐन वेळी कुणीतरी ती उचलून न्यावी, तसं तिला झालं.

“शिगवणने कुणाला काही विचारलं होतं?”

“मला,” ती म्हणाली. “मदतीच्या नंबरवर त्यांचं कुणी ऐकलं नाही, म्हणून त्यांनी माझा नंबर मिळवला. म्हणाले, ‘म्याडम, आमच्याकडं चाळीसच लागतात ओ. दोनशेला लावून काय उपयोग?’ मी त्यांना नीट समजावलं. एका धरणासाठी मर्यादा हलवली की उद्या प्रत्येक जण फोन करतो. नियम आहे. आणि सर, मी नियमाने चुकले नाही.”

“मग काय म्हणाला तो?”

“‘मंग दोनशे टाकू?’ म्हणाले.”

“आणि तू?”

“मी म्हटलं, मर्यादेत असेल ते टाका.”

“टाकला.”

“टाकला. त्या दिवशी पडद्यावर पहिल्यांदाच एकही लाल नव्हतं. सगळी धरणं हिरवी. मोठ्या साहेबांनी पेढे वाटले.”

ती हे सांगून गेली आणि मग तिचं तिलाच काहीतरी टोचलं. पेढा तिनेही खाल्ला होता. केशरी होता. हे का आठवावं, तिला कळेना.

सरांनी गुडघा चोळला.

“सर, पाच वाजून गेलेत. सहाला अहवाल बंद होतो. सगळा भरून झालाय. एकच रकाना राहिलाय.”

“कुठला?”

“कारण.”

“त्यासाठी एवढी गाडी हाणत आलीस?”

“‘मानवी चूक’ लिहिलं तर शिगवण जाणार. नोकरी तर जाईलच, वर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा. पोलीस अहवालाचीच वाट बघतायत. आणि नाही लिहिलं तर तपासनीस जाणार. आमच्याकडे टपून बसलेले कमी नाहीत. पुन्हा सगळी धरणं हातावर. पुन्हा शून्यं पडायला लागतील.” ती थांबली. मग जरा घाईने म्हणाली, “तपासनीस नसता तर आजवर किती मेले असते, ते कुणी विचारत नाही. जे वाचले ते पडद्यावर दिसत नाहीत, सर.”

“हे खरं आहे.”

“मग?”

“आणि तू?”

“काय मी?”

“तपासनीस गेला तर.”

“मीही जाईन,” ती म्हणाली. “उघड आहे.”

सर उठले. आतल्या खोलीत गेले. परत आले ते हातात एक चुरगळलेला कागद घेऊन. कागदावर डोळ्यांच्या मोफत शस्त्रक्रियेच्या शिबिराची जाहिरात होती.

“आधी माझं एक काम कर. याची नोंदणी संगणकावर करायची म्हणतात. मला ते बारीक अक्षर दिसत नाही. म्हणूनच तर शस्त्रक्रिया.”

“सर... आत्ता?”

“डोळे आत्ताच जातायत. सहापर्यंत थांबायला तयार नाहीत.”

केतकीने श्वास सोडला. शिबिराचं पान उघडलं. तिला राग आला होता, पण लहानपणीच्या मास्तरांवर येतो तसा. बोलून दाखवता न येणारा.

“नाव, यासीन हुसैन परकार.” ती भराभर टाईप करत गेली. “गाव. मोबाईल. कुठला डोळा?”

“उजवा. डावा अजून माणसं ओळखतो.”

“जन्मतारीख?”

“आई सांगायची, भात कापायला आलं होतं. आणि त्याच आठवड्यात खाडीत वऱ्हाडाची होडी बुडाली.”

“तारीख, सर.”

“सांगितली की.”

“ही तारीख नाही.”

“माझ्याकडे खरी हीच आहे.”

“हे घेणार नाही तो.”

“विचारून तर बघ. तुझ्यापेक्षा समजूतदार असेल.”

केतकीने ओठ आवळले. रकान्यात लिहिलं, ‘भात कापणीच्या वेळी’. रकान्याची कड लाल झाली.

“काय म्हणतो?”

“अवैध तारीख.”

“बरं. मग एक जून घाल.”

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच तिची बोटं तिथे पोचली होती. तिला ठाऊक होतं. ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं? एक जूनला निम्म्या जुन्या लोकांचे वाढदिवस. एकाच केकवर बारा नावं, आणि नावं मावायची नाहीत म्हणून शेवटी नुसतं ‘सर्वांना’. शाळेत घालताना हेडमास्तरांनी ज्यांना ज्यांना तारीख दिली, ती सगळी माणसं एकाच दिवशी जन्मलेली आणि एकाच दिवशी निवृत्त.

रकाना हिरवा झाला.

“घेतली?”

“घेतली.”

“बघ. आईचं कुणी ऐकलं नाही. ती समोर उभी होती, हेडमास्तरांना होडीचं सांगत होती. ते म्हणाले, बाई, होडी लिहायला रकाना नाही.” सर हसले. “त्यांनी एक जून लिहिला. तेव्हापासून आजतागायत मला एकाही खिडकीवर कुणी अडवलं नाही.”

केतकीही हसली.

मग तिचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं. ती त्या हिरव्या रकान्याकडे बघत राहिली.

“पण सर,” ती हळू म्हणाली, “एक जूनने कुणी मेलं नाही.”

“नाही.” सरांनी मान हलवली. “म्हणून तर तो इतकी वर्षं टिकला.”

पायरीवरचं ऊन सरकून तिच्या गुडघ्यांवर आलं होतं. तिने नोंदणीचं बटण दाबलं, शिबिराचं पान बंद केलं. मागे तिचा अहवाल उघडाच होता.

“म्हणजे शिगवणची काहीच चूक नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“असं कधी म्हटलं मी?” सरांचा आवाज पहिल्यांदा कडक झाला. “त्याची आहे. चाळीस हे ठाऊक असून त्याने दोनशे भरले आणि तो घरी गेला. नदीत उतरणाऱ्या बायांना सांगायला त्याला कुठला संगणक लागत होता? एक हाक लागत होती. ती त्याने मारली नाही. त्याचं त्याला आहे. आयुष्यभर राहील.”

“मग ‘मानवी चूक’ खोटं कसं?”

“खोटं कुठे म्हणतोय मी? वैध आहे.”

केतकीचा चेहरा उतरला.

“रकान्यात किती माणसं मावतात?” सरांनी विचारलं.

“एकच कारण निवडता येतं. यादी आहे. मानवी चूक, यांत्रिक बिघाड, नैसर्गिक आपत्ती.”

“‘इतर’ नाही?”

“काढून टाकलं. ‘इतर’ ठेवलं की सगळे ‘इतर’च भरतात, सर. कुणी विचारच करत नाही.”

“कुणी काढलं?”

ती लॅपटॉपवरची धूळ बोटाने पुसू लागली. सरांनी पुन्हा विचारलं नाही. हे अहवालाचं पान कुणी केलं, त्याची तपासणी कोण करतं, ते दोघांनाही माहीत होतं.

सर उठून पाण्याच्या माठाकडे गेले. तांब्या भरून आणला, तिच्यापुढे ठेवला. ती घटाघट प्यायली. हनुवटीवरून पाणी ओघळलं ते तिने पुसलं नाही.

मग तिने लॅपटॉप जवळ ओढला.

यादीला हात न लावता ती कारणाच्या रकान्यात टाईप करू लागली. दोनदा खोडलं. सरांकडे बघितलं नाही. शेवटी तिने लिहिलं ते असं. ‘चालकाने प्रथम बरोबर आकडा भरला. तपासनीसाने तो नाकारला. चालकाने विभागप्रमुखांना फोन केला. विभागप्रमुखांनी मर्यादेतला आकडा भरण्यास सांगितले. तपासनीसाने तो स्वीकारला. पाणी सोडताना चालकाने कोणालाही सावध केले नाही.’

खाली नाव लिहिलं. केतकी सबनीस, विभागप्रमुख.

बटण दाबलं.

रकाना लाल झाला. ‘कारण यादीत नाही.’

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

“माहीत होतं मला,” ती म्हणाली. “आणि तरी दाबलं.” ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होती. “तो घेणार नाही. मी सांगते ना तुम्हाला, मीच लिहिलाय तो, तो नाही घेणार.”

आणि तेवढ्यात लॅपटॉप वाजायला लागला.

बारीक, एकसुरी, मध्ये न थांबणारा आवाज. अपघाताच्या अहवालात लाल नोंद अडकली की चौकशी समितीतल्या प्रत्येकाच्या संगणकावर आणि मोबाईलवर सूचना वाजते. नोंद हिरवी होईपर्यंत वाजत राहते. प्रमुखाला ती बंद करता येत नाही, प्रमुखाने नोंद बदलली नाही तर ती समितीला दोन सह्यांनी बदलावी लागते. कुणी अपघाताचं प्रकरण दाबून ठेवू नये म्हणून ही सोय केलेली. तीही तिचीच.

मिनिटभरात तिचा मोबाईल वाजला. समितीचे सचिव लोंढे. तिने स्पीकर लावला.

“मॅडम, नमस्कार. अहो, तुमच्या अहवालात काहीतरी गडबड झालीय बहुतेक. इकडे सगळ्यांचे फोन वाजतायत. मोठे साहेब मंत्रालयात बैठकीत आहेत, तिथेही वाजतोय.”

“गडबड नाही, लोंढे. मी लिहिलंय ते वाचा.”

“वाचायला ते आत आलं तर पाहिजे ना, मॅडम! लाल आहे. आम्हाला नुसतं लाल दिसतंय.”

“मी वाचून दाखवते.”

“तोंडी नाही घेता येत, मॅडम. तुम्हीच तर नियम केलाय.” लोंढे जरा हसले. मग आवाज खाली आणला. “हे बघा, वरून पहिला पर्याय निवडा. एक क्लिक. त्या शिगवणचं काय ते पुढे कोर्टात बघतील, आपण कशाला पडायचं त्यात? सहाला दहा मिनिटं आहेत. तुमच्या हातात आहे सगळं. हिरवं करून टाका ना, मॅडम.”

केतकीने फोन ठेवला. ठेवला म्हणजे लोंढे बोलत असतानाच तोडला.

लॅपटॉप वाजत होता. आवाज अंगणात सगळीकडे जात होता. खाडीतले दोघे भांडायचे थांबून वर बघू लागले. माठाशी आलेली एक मांजर मागे फिरली.

केतकीचं बोट यादीवर गेलं. यादी उघडली. ‘मानवी चूक’ सगळ्यांत वर होतं. लोक सगळ्यांत वरचं निवडतात म्हणून जास्त वेळा लागणारं कारण वर ठेवायचं, असं तिनेच ठरवलेलं.

“सर,” ती म्हणाली. “एक क्लिक आहे हो नुसती. नाही केली तर ते रात्रीतून दोन सह्या करतील आणि तेच भरतील. शिगवण जायचा तो जाणारच. मीही जाईन. तपासनीस आहे तसाच राहील. काही बदलणार नाही. निदान हा आवाज तरी...”

सरांनी झाडू उचलला होता. मोहोराचा ढीग सुपात भरायला ते वाकले होते.

“सर, सांगा ना. बंद करू?”

परकार सर वाकलेलेच म्हणाले,

“वाजू दे.”

...

सूचना दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत वाजत होती. मग समितीने दोन सह्यांनी ती बंद केली. कारणाच्या रकान्यात ‘मानवी चूक’ अशी नोंद झाली. दत्ताराम शिगवण निलंबित झाले, त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. केतकी सबनीस यांच्याकडचा कार्यभार काढून घेण्यात आला. भोंग्याची किमान मर्यादा सर्व धरणांवर दोनशे क्युसेक आहे.